सोळा किलो दोनशे

रात्री नवानंतर रेणूच्या तोंडात काही नाही.
पहाटे दोन घोट पाणी, तेही घड्याळ बघून.
शहापूरच्या खडेबाजारात कुंद्याच्या दुकानापुढं
मी स्कूटर जरा जोरात घेतली.
तिनं मान वळवली, खरं मागितलं नाही.
दाढा त्या दुकानानं किडल्या म्हणावं
तर दर शनिवारी पावशेर बांधून नेणारा हात
माझाच.

टिळकवाडीतल्या दवाखान्याची पाटी मी रंगवलेली.
वर कन्नड, मोठं. खाली इंग्रजी, बारीक.
मराठीला मापात जागा नव्हती.
कोपऱ्यात हसरा दात काढला तो माझ्या मनाचा,
त्याचे पैसे लावले नाहीत.

गंगव्वा सिस्टरनं तिला काट्यावर उभं केलं.
सोळा किलो दोनशे.
"ह्या वजनाला एवढंच औषध, थेंब जास्त नाही,"
डॉक्टर हिरेमठ माझ्यासाठी मोडक्या मराठीत.
रंगात टर्पेंटाइन मीही असंच मोजतो,
जास्त झालं तर अक्षर ओघळतं.
हे मी बोललो नाही.

संमतीचा कागद कन्नडात.
वीस वर्षं ही अक्षरं रंगवतोय;
कुठली गोलाई कुठं वळते,
ब्रश कुठं दाबायचा, कुठं सोडायचा, हाताला पाठ.
वाचायला बसलं की घसरतो.
झोप कळली. श्वास कळला.
मधल्या एका लांब शब्दावर बोट ठेवलं.
"अपरूपक्के," गंगव्वा म्हणाली, "म्हणजे क्वचित."
क्वचित काय, ते पुढच्या ओळीत होतं.
मी सही केली. मराठीत,
पाटीवर करतो तशी, खाली, कोपऱ्यात.

सुई नसलेल्या सिरिंजमधून गुलाबी औषध.
"ह्यात साखर घालायची विसरलेत," रेणू म्हणाली
आणि गिळलं.

मग वाट बघणं.
भिंतीवर कुणीतरी मासे काढलेत, डोळे चुकलेत त्यांचे.
ती मोजत होती: एक, दोन, तीन, चार,
परत दोन.
उगीचच हसली.
"बाबा, तुझ्या कानाला पंख आलेत."
मग मान माझ्या दंडावर कलंडली,
रॉकेलात बुडवून ठेवलेल्या ब्रशासारखी, मऊ, जड.

आत, पायाच्या अंगठ्याला लाल दिव्याचा चिमटा.
"बाय तेरी, पुट्टी. अंजब्याड."
पूर्ण झोपली नव्हती, जागीही नव्हती,
ह्या दोन्हीच्या मधल्या कुठल्या तरी गावात होती.
रडेल, आधीच सांगितलेलं,
खरं तिला आठवणार नाही.
"बाबा" म्हणून हाक मारेल हे कुणी सांगितलं नव्हतं.
पाय माझ्या हातात होता आणि ती मला शोधत होती.
मी यंत्रावरच्या आकड्याकडं बघत राहिलो.
अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. सत्त्याण्णव.
"अंजब्याड, अंजब्याड," गंगव्वा पुटपुटत होती,
तिला की मला, कळेना.

स्कूटर तिथंच ठेवून रिक्षानं वडगावला आलो,
हनुवटी वर धरून, सांगितलं तशी.
जोड रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला मी श्वास ऐकत होतो.
दाढ कागदात, कागद माझ्या खिशात.

दुपारी उठून गार पेज प्याली.
"कधी काढणार?"
झालं की.
"खोटं." मग जीभ त्या रिकाम्या जागी गेली
आणि बराच वेळ तिथंच राहिली.
"मी रडले?"
नाही, म्हणालो.
तिच्या आईनं माझ्याकडं बघितलं.

संध्याकाळी एका गिरणीची पाटी पुरी करायची होती.
गेलो नाही. दारात ब्रश धुत बसलो.
आत रेणूनं मांजराच्या पिल्लाला उताणं पाडलेलं,
त्याचा जबडा दोन बोटांनी उघडत होती,
आणि त्याला सांगत होती, हळू, मोठ्या माणसासारखी:
"अंजब्याड."
आमच्या घरात हा शब्द कुणी वापरत नाही.
कुणी शिकवलं गं, मी विचारलं.
तिनं खांदे उडवले.
पिल्लाचे दात मोजू लागली.